बाजू घेणारा इतिहासकार

इतिहासकाराने उघडपणे बाजू घेतली, तर त्याच्या लिखाणावर विश्वास ठेवायचा का? विज्ञान शिकून आलेल्या माणसाला हा प्रश्न हमखास पडतो. हावेल फ्रान्सिस (1946–2021) यांच्या कामाकडे बघून त्याचं उत्तर शोधूया.

फ्रान्सिस दक्षिण वेल्समधल्या कोळसाखाणींच्या खोऱ्यातले. वडील दाई फ्रान्सिस खाणकामगार संघटनेचे सरचिटणीस आणि कम्युनिस्ट. म्हणजे बाजू घरातच ठरलेली!

1960 च्या दशकात तिथल्या खाणी भराभर बंद पडत होत्या. कामगारांनी पगारातून वर्गणी कापून देऊन गावोगाव वाचनालयं उभी केली होती. खाणींच्या मागोमाग तीही बंद होऊ लागली, पुस्तकं विकली जाऊ लागली. 1926 ची सात महिन्यांची टाळेबंदी सोसलेली पिढी म्हातारी झाली होती. ती गेली, की तिच्या आठवणीही जाणार.

1970 च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्सिस आणि त्यांचे सहकारी कामाला लागले. संघटनेचे कागद आणि वाचनालयांची पुस्तकं गोळा केली, म्हाताऱ्या कामगारांच्या मुलाखती टेपवर घेतल्या. त्यातूनच 1973 मध्ये स्वानसीला 'साउथ वेल्स मायनर्स लायब्ररी' उभी राहिली. पुढे 1980 मध्ये दाई स्मिथ यांच्यासोबत त्यांनी 'द फेड' हा खाणकामगार संघटनेचा इतिहास लिहिला.

तुम्ही म्हणाल, आठवणींवर विसंबून कसं चालेल? साल इकडचं तिकडे होतं, लाजिरवाणी गोष्ट सोयीने विसरली जाते. खरंय. पण सभेच्या इतिवृत्तात फक्त ठराव सापडतो. पगार बंद असताना घरी चूल कशी पेटली, संप फोडणाऱ्या शेजाऱ्याशी गाव कसं वागलं, हे त्यात नसतं. म्हणून कागद आणि टेप समोरासमोर ठेवून तपासायचे.

स्पेनच्या यादवीत (1936–39) फ्रँकोविरुद्ध लढायला वेल्समधून दीडशेहून अधिक माणसं गेली, त्यांत खाणकामगार बरेच. का गेली? फ्रान्सिस यांनी 1984 च्या 'मायनर्स अगेन्स्ट फॅसिझम'मध्ये या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या खोऱ्यांतच शोधलं: बेकारी, उपासमारीविरुद्धचे मोर्चे आणि संघटनेत मुरलेली एकजूट. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या खाणकामगारांचा मोठा संप सुरू झाला. तेव्हा फ्रान्सिस आपल्या भागातल्या संपकरी कुटुंबांच्या मदतकार्यात उतरले. पुढे 2001 ते 2015 ते मजूर पक्षाचे खासदार होते.

मग विश्वास ठेवायचा का? त्यांनी आपली बाजू लपवली नाही आणि पुरावाही स्वतःच्या कपाटात ठेवला नाही. त्यांचा निष्कर्ष पटत नसेल, तर तुम्ही स्वानसीला जाऊन त्याच टेप ऐकू शकता आणि वेगळा निष्कर्ष काढू शकता. प्रयोगशाळेत आम्ही दुसऱ्याचा प्रयोग पुन्हा करून बघतो, तसंच हे. कुठलीच बाजू नसलेला इतिहासकार शोधत बसू नका. आपल्याला खोटं ठरवण्याची साधनं आपल्याच हाती देणारा सापडला, तर त्याला जरूर वाचा.