शेळीचं टाइमटेबल कोणी ठरवलं?

दुष्काळावरच्या भागानंतर सगळ्यात जास्त प्रश्न आले ते शेळ्यांबद्दल, आणि बरेचसे एकाच छापाचे. चारा किती वाजता टाकायचा? दिवसातून किती वेळा? त्याने वजन आणि दूध खरंच वाढतं का? मी सॉफ्टवेअरवाला माणूस, पशुवैद्य नाही. पण या प्रश्नालाच एक इतिहास आहे, कारण दीडशे वर्षांपूर्वी आपल्याकडे तो कोणी फारसा विचारलाच नसता.

शेळी गाईसारखी खाली मान घालून गवत ओढत बसत नाही. ती शेंडे खुडते. बोरीचा पाला, बाभळीच्या शेंगा, मागच्या दोन पायांवर उभं राहून जिथवर तोंड पोचेल तिथवरचं सगळं. जुना दिवस साधारण असा असायचा: सकाळी धार काढायची, करडं डालग्याखाली झाकायची, दव उतरलं की कळप रानात सोडायचा. दुपारी झाडाच्या सावलीत बसून रवंथ, उन्हं कलली की पुन्हा चरणं, दिवस मावळताना घर. काय, किती आणि केव्हा खायचं हे शेळी ठरवायची. माणसाकडे फक्त सोडायची आणि परत आणायची वेळ होती.

हे बदललं कुठून? एक मोठा टप्पा म्हणजे 1878चा वन कायदा. मुंबई इलाख्यातली डोंगर-कुरणं मोठ्या प्रमाणावर राखीव झाली. (आमचं धाराशिव तेव्हा निजामाकडे, त्यामुळे तिथली गोष्ट वेगळी.) महात्मा फुल्यांनी 1883 साली लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये यावर थेट बोट ठेवलंय: जंगल खात्याने डोंगर, दऱ्या, गायरानं सगळी ताब्यात घेतली आणि गरीब शेतकऱ्याच्या शेळ्यांना रानात तोंड घालायलाही जागा ठेवली नाही. जोडीला 1871चा कायदा आणि कोंडवाडा होताच. जनावर चुकून पलीकडे गेलं की दंड भरून सोडवून आणा.

दुसरा टप्पा आपल्या आईवडिलांनी पाहिलेला. 1972च्या दुष्काळानंतर राळेगणसिद्धीत आणि पुढे हिवरे बाजारात पाणलोटाची कामं झाली आणि त्यांच्यासोबत चराईबंदी आली. डोंगर हिरवे झाले, विहिरींना पाणी आलं, हे खरंच आहे. पण मला वाटतं, या यशोगाथा सांगताना आपण एक ओळ गाळतो. ज्याच्याकडे बांध आहे तो गवत कापून गोठ्यात आणू शकतो. ज्याच्याकडे जमीनच नाही आणि चार शेळ्या आहेत, त्याच्यासाठी चराईबंदीचा अर्थ वेगळा होतो. त्याला शेळ्या विकाव्या लागतात, नाहीतर दुसऱ्याच्या बांधावर हात पसरावा लागतो.

आणि शेळी एकदा गव्हाणीला बांधली की तिने रानात आपोआप केलेलं सगळं काम माणसाच्या डोक्यावर येतं. टाइमटेबल जन्मतं ते इथे.

आता त्यामागचं विज्ञान, कारण ते खरोखर सुंदर आहे. शेळीच्या पोटाचा पहिला कप्पा म्हणजे आंबवण्याची टाकी. चारा पचवतात ते तिथले सूक्ष्मजीव, आणि त्यांना एकदम लोड आलेला चालत नाही. रानात शेळी थोडं थोडं खायची, मधे रवंथ करायची, लाळ पोटात जायची आणि आम्ल आटोक्यात राहायचं. गोठ्यात आपण सवय नसताना एकदम भरपूर मका-ज्वारी पुढे ठेवली की आम्ल झपाट्याने वाढतं, शेळी खाणं सोडते, कधीकधी जीवही जातो. म्हणून पाव किलो खुराक असेल तर तो दोनदा विभागून, आधी वाळला चारा, आणि बदल करायचा तर आठ-दहा दिवसांत हळूहळू. दुधाचंही तसंच. दुधातलं फॅट मुख्यतः चोथ्यापासून तयार होतं, म्हणून पेंड वाढवून कडबा कमी केला की दूध पातळ होतं.

वाढीची गोष्ट तर करडू जन्मायच्या आधीच सुरू होते. शेळीचा गाभणकाळ साधारण पाच महिन्यांचा, आणि पोटातल्या करडाचं बहुतेक वजन शेवटच्या दीड महिन्यात वाढतं. पण वाढलेलं गर्भाशय पोटाच्या कप्प्यावरच दाब देतं, त्यामुळे नेमकी गरज असते तेव्हा तिला एका वेळी जास्त खाता येत नाही. तिथे तीन-चार वेळा थोडं थोडं देणं खरंच उपयोगाचं. जन्मल्यावर पहिल्या तासा-दोन तासांत चीक पाजणं सगळ्यात महत्त्वाचं. तो उशिरा मिळाला तर पुढचं कुठलंच टाइमटेबल ती कसर भरून काढत नाही.

थोडं विषयांतर, पण राहवत नाही. बंदिस्त शेळीपालनासाठी आपल्याकडे सुबाभूळ लोकप्रिय झाली. तिच्यात मिमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं. ऑस्ट्रेलियात जनावरांना ती बाधायची, हवाईतल्या शेळ्या मात्र मजेत खायच्या. रेमंड जोन्स या शास्त्रज्ञाने 1980च्या दशकाच्या सुरुवातीला हवाईतल्या शेळ्यांच्या पोटातले सूक्ष्मजीव ऑस्ट्रेलियात नेले आणि तिथली जनावरंही सुबाभूळ पचवू लागली. 1992 साली त्या जिवाणूला जोन्स यांचंच नाव दिलं गेलं. म्हणजे 'काय चारायचं' याचं उत्तर झाडात जेवढं, तेवढंच शेळीच्या पोटात काय राहतंय यातही आहे.

तर मंडळी, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी ती टाइमटेबलं. सात वाजता हिरवा चारा, दहाला खुराक, चारला पाला, रात्री कडबा. चुकीची नाहीत ती. फक्त ती क्रॉन जॉबसारखी लिहिलेली असतात, जणू वेळ झाली की काम आपोआप होतं. आमच्या काकूकडे तीन उस्मानाबादी शेळ्या आहेत. चार वेळचा चारा म्हणजे विळा घेऊन शेवरी-हादग्यासाठी बांधावर दोन फेऱ्या, कडबा तोडणं, पाणी, शेण-लेंड्या, आणि हे सगळं स्वयंपाक नि मजुरी सांभाळून. दिवसाचं दूध एका शेळीमागे अर्धा ते एक लिटर. मी तिला त्यातलं एक टाइमटेबल वाचून दाखवलं, तर तिने एवढंच विचारलं, "यात माझ्या जेवणाची वेळ कुठं लिहिलीय रे?"