कमानीची करवत

करवत म्हटली कीं माणसाच्या डोळ्यांपुढें प्रथम तिचे दात येतात. नागपुराकडील विणकरांनीं तर ते दात लुगड्या-धोतरांच्या काठांत नेऊन बसविले, आणि करवतकाठी हें नांव त्यावरून रूढ झालें. सुताराच्या हत्यारांचा इतिहास सांगणारेहि बहुधा दातांपासूनच आरंभ करितात. परंतु श्रोतेहो, मला आज दातांविषयीं थोडेंच बोलावयाचें आहे. करवतीची खरी अडचण तिच्या दातांत नसून तिच्या कण्यांत आहे. पातें पातळ केलें तर तें वांकतें. जाड केलें तर कापतांना लांकडाचा नाश अधिक होतो, हात लवकर थकतात आणि लोखंडहि अधिक लागतें. हा पेंच मनुष्यानें तीन तऱ्हांनीं सोडविला. त्यांतली जी मला सर्वांत बुद्धीची वाटते ती कमानीच्या करवतीची, आणि आजचें भाषण मुख्यतः तिच्याविषयींच आहे.

पहिली तऱ्हा ईजिप्तची. थीब्झ येथें रेखमिरे नांवाच्या प्रधानाची ख्रिस्तपूर्व पंधराव्या शतकांतली कबर आहे. तिच्या भिंतीवर एक सुतार रंगविलेला आहे. त्यानें फळी एका खांबास उभी बांधली आहे आणि तो ती वरून खालीं चिरीत आहे. त्या काळचीं पातीं तांब्याचीं किंवा कांशाचीं असत. असलें मऊ पातें जोरानें पुढें ढकलावें तर तें दुमडतें. म्हणून ईजिप्तच्या सुतारानें दात मुठीकडे वळविले आणि करवत आपल्याकडे ओढून कापण्याची रीत घातली. ढकललेली वस्तु वांकते, ओढलेली सरळ होते. जमिनीवर पसरलेली सुतळी एका टोंकानें आधीं ढकलून व मग ओढून पाहिली म्हणजे हें लहान मुलासहि कळेल. आपल्याकडील जुन्या वळणाची देशी करवत ओढीवरच कापते, आणि जपानी सुताराचीहि तशीच. करवत हा आपला शब्द संस्कृत ‘करपत्रा’पासून आला आहे, आणि सुश्रुतानें शस्त्रवैद्याच्या हत्यारांत करपत्राची गणना केली आहे. ‘मज्झिमनिकाय’ या पाली ग्रंथांत तर दोन्ही बाजूंस मूठ असलेल्या करवतीचा दृष्टांत बुद्धाच्या तोंडीं घातलेला आहे. दोन माणसें, दोन मुठी, आणि प्रत्येकानें आपापल्या पाळीस केवळ ओढावयाचें: त्याच पहिल्या युक्तीची ही वाढ होय. दुसरी तऱ्हा पातें चांगलें रुंद आणि जाड करण्याची. तिच्याकडे मागाहून येऊं.

तिसरी तऱ्हा अशी कीं, पातें ओढा वा ढकला, तें आधींच दोन्ही टोंकांस घट्ट ताणून ठेवावयाचें. त्यासाठीं दोन उभ्या दांड्या घेतात आणि त्यांच्या मध्यावर एक आडवी दांडी नुसती अडकवून बसवितात. उभ्या दांड्यांच्या खालच्या टोंकांमध्यें पातें असतें व वरच्या टोंकांमध्यें दुहेरी दोरी. दोरीच्या दोन पदरांत एक चपटी काडी घालून तिला पीळ देत गेलें म्हणजे दोरी आंखडते आणि वरचीं टोंकें जवळ येऊं लागतात. मधली दांडी टेकूचें काम करते. त्यामुळें वरचीं टोंकें जितकीं जवळ येतात तितकीं खालचीं दूर जाऊं पाहतात, आणि त्यांच्यांत बसविलेलें पातें ताणलें जातें. पुरेसा पीळ पडला म्हणजे काडी मधल्या दांडीला अडकवून ठेवावयाची. गवताची गाडी भरल्यावर गाडीवान दोरांत काठी घालून तो पिळतो आणि भारा आवळतो, तीच ही युक्ति. फरक एवढाच कीं गाडीवान भारा आवळतो, आणि सुतार त्याच पिळानें दुसऱ्या बाजूचें लोखंड सरळ करितो.

रोमन लोकांच्या हातांत हें हत्यार पूर्णपणें सिद्ध झालेलें दिसतें. इ. स. ७९ सालीं व्हेसुव्हियस पर्वताचा स्फोट होऊन हर्क्युलेनियम हें गांव गाडलें गेलें. तेथें सांपडलेल्या एका भित्तिचित्रांत पंख असलेलीं दोन बालकें चौकटीच्या करवतीनें फळी कापीत आहेत. त्याच स्फोटांत ज्याचा अंत झाला तो प्लिनी हा ग्रंथकार आपल्या सृष्टिवर्णनाच्या ग्रंथांत करवतीविषयीं एक मार्मिक गोष्ट लिहून गेला आहे. ओल्या लांकडाचा भुसा दातांत अडकून करवत चालेनाशी होते, म्हणून दात आळीपाळीनें एक उजवीकडे व एक डावीकडे वांकवावे, म्हणजे भुसा बाहेर पडतो, असें तो सांगतो. आजचा सुतार कानस घेऊन दात लावावयास बसतो तेव्हां हेंच करितो.

रोमन सुतारानें ही तऱ्हा कां पत्करली याचें उत्तर बाजारभावांत आहे. चौकट रानांतल्या लांकडाची, दोरी सणाची. विकत घ्यावयाचें तें फक्त बोटा-दोन बोटांच्या रुंदीचें पातें. लोखंड महाग आणि लांकूड स्वस्त असेल तेथें याहून शहाणपणाचें हत्यार सुचणें कठीण. लोखंडानें जो ताठरपणा द्यावयाचा तो येथें काठी आणि दोरी यांच्याकडून उसना घेतलेला असतो.

ही करवत ज्यांनीं चालविली आहे ते जाणतात कीं तिच्यावर जोर करावयाचा नसतो. आधीं पातें तंबोऱ्याच्या तारेप्रमाणें बोटानें छेडून पाहावें. आवाज बद्द आला तर आणखी एक पीळ. स्वच्छ आला तर पुरे. मग चौकटीच्या भारानेंच पातें खालीं उतरूं द्यावें, आणि त्याची सारी लांबी कामास येईल असे लांब हात मारावे. जो घाईनें दाबतो त्याची रेघ तिरपी जाते. लांब फळी उभी चिरतांना मधली दांडी आड येते. म्हणून पात्याचीं टोंकें फिरत्या खुंट्यांत बसवितात, आणि पातें वळवून चौकट बाजूला कलती धरितात. तरीहि लांकूड आडवें कापतांना पातें आणि मधली दांडी यांमध्यें जेवढें अंतर तेवढीच खोली मिळते. हा या हत्याराचा न टळणारा दोष आहे. मोठे ओंडके चिरण्यासाठीं म्हणून पातें मध्यभागीं बसविलेली चारी बाजूंनीं बंद अशी दुसरी चौकट निघाली, आणि ती दोघांनीं चालवावयाची असे. काम संपलें म्हणजे दोरीचा पीळ सैल करून ठेवावयाचा. रात्रभर ताणलेली ठेवलेली करवत सकाळीं वांकड्या चौकटीनें सूड घेते.

रोमन अमदानींतच ही चौकट माणसाच्या हातांतून सुटून यंत्राच्या हातीं गेली, हें फारसें कोणास ठाऊक नसतें. आजच्या तुर्कस्थानांत हिएरापोलिस या प्राचीन नगराचे अवशेष आहेत. तेथील तिसऱ्या शतकांतल्या एका शवपेटीवर पाण्याचें चाक कोरलेलें आहे, आणि त्या चाकाच्या गतीनें चौकटीच्या दोन करवती दगड कापीत आहेत. लांकूड नव्हे, दगड. पण ताणलेलें पातें तेंच. हें चित्र पुढें येणाऱ्या एका मोठ्या तंट्याचें बीज आहे. तो तंटा सांगण्यापूर्वीं, करवत नसली तर काय होतें हें पाहिलें पाहिजे.

नॉर्वेंत ओसेबर्ग येथें १९०४ सालीं उकरावयास घेतलेलें जहाज सुमारें इ. स. ८२० च्या वेळचें आहे. त्याच्या फळ्या करवतीनें कापलेल्या नाहींत. ओकचा बुंधा पाचरी ठोकून उभा फोडावयाचा आणि मग कुऱ्हाडीनें तासावयाचा, अशी ती रीत होती. फळी फार मजबूत होई, कारण लांकडाचा रेषा कोठें तुटत नसे. पण नाशहि फार होई. जपानमध्येंहि पंधराव्या शतकापर्यंत हीच रीत चालूं होती. सरळ रेषाचीं झाडें, म्हणजे तिकडील सुरू व देवदार यांच्या जातीचीं, तेवढीं फाटत. पिळाच्या किंवा वांकड्या रेषाच्या लांकडाची फळी पाडणें दुरापास्त होतें. मग मुख्य खंडावरून दोघांनीं चालवावयाची चौकटीची करवत जपानांत आली. तिला ते लोक ‘ओगा’ म्हणूं लागले. जें लांकूड पाचरीला दाद देत नव्हतें तेंहि आतां फळीच्या रूपानें घरांत आलें, आणि फळ्याहि पातळ निघूं लागल्या. पुढें जपानी कारागिरांनीं एकट्यानें ओढावयाची रुंद पात्याची करवत घडविली आणि ओगा मागें पडली. परंतु जपानी भाषेंत लांकडाच्या भुशाला आजहि ‘ओगाकुझु’, म्हणजे ओगाचा चुरा, असेंच म्हणतात. हत्यार गेलें आणि त्याची धूळ भाषेंत राहिली.

आतां तो तंटा. तेराव्या शतकांत व्हिलार द ओनकूर या फ्रेंच माणसानें पाण्याच्या चाकावर चालणाऱ्या करवतीचें चित्र आपल्या वहींत काढून ठेवलें आहे. १५९३ सालीं हॉलंडमधील उइटखेस्ट गांवच्या कॉर्नेलिस कॉर्नेलिसझोन यानें वाऱ्यावर चालणाऱ्या लांकूड-गिरणीचा हक्क मिळविला, आणि पुढच्याच वर्षीं ती गिरणी उभी केली. वाऱ्यानें फिरणारा आंस वांकडा करून त्यानें एक चौकट वरखालीं नाचविली. त्या चौकटींत अनेक पातीं ताणून बसवितां येत. म्हणजे रोमन सुताराची करवतच उभी झाली आणि तिला अनेक पातीं फुटलीं. हॉलंडच्या जहाजबांधणीला या गिरण्यांनीं केवढें बळ दिलें हें सुप्रसिद्धच आहे.

इंग्लंडमध्यें मात्र ओंडके अद्याप खड्ड्यावर ठेवून दोन माणसें चिरीत असत. वरचा रेघ सांभाळी. खालचा दिवसभर खड्ड्यांत उभा राहून डोळ्यांत भुसा घेई. चार्ल्स डिंगली नांवाच्या लांकडाच्या व्यापाऱ्यानें लंडनच्या लाइमहाउस भागांत पवनचक्कीची लांकूड-गिरणी उभारली, आणि १० मे १७६८ रोजीं करवत ओढणाऱ्यांच्या जमावानें ती पाडून टाकली. दुसऱ्याच वर्षीं, १७६९ त, गिरण्या पाडणें हा मोठा गुन्हा ठरविणारा कायदा इंग्लंडच्या पार्लमेंटनें केला. या माणसांना अडाणी दंगेखोर म्हणून इतिहासाच्या कोपऱ्यांत ढकलणें सोपें आहे. मला तसें करवत नाहीं. ज्या खड्ड्यांत ते उभे राहत तो सुखाचा नव्हता, हें त्यांच्याहून अधिक कोणास ठाऊक असणार? परंतु त्या खड्ड्यांतूनच त्यांची भाकरी येत होती, आणि दुसरी कोठून यावयाची हें त्यांस कोणी सांगितलें नव्हतें.

आतां त्या दुसऱ्या तऱ्हेकडे वळूं. सतराव्या व अठराव्या शतकांत पोलादाचे रुंद पत्रे मिळूं लागले, आणि १७४० नंतर शेफील्ड येथें बेंजामिन हंट्समन यानें मुशींत वितळविलेलें उत्तम पोलाद करण्याची रीत काढली. पातें रुंद आणि ताठ करणें आतां परवडूं लागलें. इंग्लंडच्या सुतारानें चौकट बहुतेक कामांतून टाकून दिली व एका मुठीची उघडी करवत हातीं धरिली. पुष्कळ लेखक यास करवतीची प्रगति म्हणतात. मला तें पटत नाहीं. फ्रान्स आणि जर्मनी येथील सुतार कांहीं मंद बुद्धीचे नव्हते. त्यांनीं चौकटीचीच करवत पुढेंहि चालविली. आंद्रे रूबो हा पॅरिसचा सुतार स्वतः हातानें काम करणारा. त्यानें १७६९ ते १७७५ या काळांत सुतारकामावर जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याच्या चित्रांत ताणलेल्या पात्याच्या करवती जागोजाग आहेत, आणि तसलीच एक करवत लांकडाचे अति पातळ पापुद्रे काढण्यासाठींहि आहे. शेफील्डचें पोलाद ज्याच्या दाराशीं त्यानें एक मार्ग घेतला, ज्याच्या दाराशीं नव्हतें त्यानें दुसरा. यांत पुढारलेला कोण आणि मागासलेला कोण?

आणि मौज अशी कीं, पोलाद स्वस्त झाल्यावर कमानीची करवत नाहींशी न होतां तिनें नवा जन्म घेतला. स्वीडनमधील सांडव्हिकेन येथें योरान्सन यानें १८६२ सालीं स्थापिलेल्या पोलादाच्या कारखान्यानें १८८६ त करवती करण्यास आरंभ केला. विसाव्या शतकांत तिकडील करवतींना लांकडी चौकटीऐवजीं वांकविलेल्या पोलादी नळीची कमान आली. दोरी गेली, काडी गेली. नळीचा आपला अंगचा ताणच पातें ओढून धरूं लागला. दोघांनीं ओढावयाच्या लांब करवतीचें काम आतां एकटा लांकूडतोड्या बर्फांत गुडघा टेकून करूं लागला. फिनलंडमध्यें तिला ‘पोकासाहा’ म्हणतात. १९५० नंतर पेट्रोलवर चालणाऱ्या सांखळीच्या करवतीनें तिला जंगलांतून हटविलें, आणि आतां ती तेथें बहुधा बागेंतल्या फांद्या कापावयास उरली आहे.

पण तत्पूर्वीं एका हिंवाळ्यानें तिची परीक्षा घेतली. दुसऱ्या महायुद्धांत फिनलंडला बाहेरून कोळसा मिळणें दुर्घट झालें. घरें, आगगाड्या आणि कारखाने यांना जळणासाठीं लांकडावांचून गति उरली नाहीं, आणि जंगलांत काम करणारे तरुण तर आघाडीवर होते. तेव्हां १९४३ सालीं नागरिकांस हांक देण्यांत आली कीं प्रत्येकानें निदान एक घनमीटर जळण तोडून रचून द्यावें. ज्यांनीं आयुष्यांत कधीं लांकूड कापलें नव्हतें असे कचेऱ्यांतले कारकून आणि शाळांतलीं मुलें रानांत गेलीं. एक घनमीटर रचला म्हणजे एक लोखंडी बिल्ला मिळे, चार रचले म्हणजे रुपेरी, आणि सोळा रचले म्हणजे सोनेरी. त्या बिल्ल्यांचा आकार कुऱ्हाडीचा होता; करवतीचा नव्हता.