आपल्या पाट्या कोण वाचणार?

पुणेरी पाट्यांचं कौतुक आपण सगळेच करतो. दुपारी एक ते चार, गेटसमोर गाडी लावल्यास हवा सोडली जाईल, वगैरे. फॉरवर्ड करतो, हसतो. पण नांदेड-लातूरच्या माणसाला एक विचारावं वाटतं. आपल्याकडच्या पाट्या कधी वाचल्यात का? आपल्या पाट्या दगडावरच्या आहेत, आठशे-नऊशे वर्षं जुन्या आहेत आणि पुण्यापेक्षा कमी तिखट नाहीत.

सुरुवात लातूरपासून करू. पापविनाशक मंदिरात कल्याणीच्या चालुक्य राजाचा, तिसऱ्या सोमेश्वराचा शिलालेख आहे. हा राजा ११२६ मध्ये गादीवर आला. 'मानसोल्लास' नावाचा प्रचंड ग्रंथ त्याच्याच नावावर आहे. त्या शिलालेखात लिहिलंय की या लत्तलूर नगरीत पाचशे विद्वान राहतात. आता शहरात शिरताना दोन्ही बाजूंना क्लासेसचे होर्डिंग बघा. फोटो, मार्क, रँक. 'लातूर पॅटर्न'ची पहिली जाहिरात बाराव्या शतकातली आहे म्हणायची! फरक इतकाच, की ती दगडावर कोरली म्हणून टिकली. आपलं फ्लेक्स पुढच्या निकालापर्यंत.

त्याच्याही आधीची गोष्ट. राष्ट्रकूट राजे स्वतःला 'लत्तलूरपुरवराधीश्वर' म्हणवून घ्यायचे. म्हणजे लत्तलूर या श्रेष्ठ नगरीचे स्वामी. आजच्या कर्नाटकातल्या सिरूरच्या शिलालेखात, शके ७८८ म्हणजे इ. स. ८६६ मध्ये, अमोघवर्ष राजाला ही पदवी लावलेली आहे. हे लत्तलूर म्हणजे आपलं लातूर, असं अभ्यासकांनी मांडलंय. राजधानी मान्यखेटला, पण नावाआधी गाव लावायचं ते लातूर. मुंबई-पुण्यात गेल्यावर 'आम्ही लातूरचे' म्हणताना कुणाला संकोच वाटत असेल, तर हे लक्षात ठेवा.

हे दगड वाचायची एक युक्ती आहे. अक्षरं येत नसली तरी चित्रं वाचता येतात. दानाच्या शिळेवर वरच्या बाजूला बहुतेक वेळा चंद्र-सूर्य असतात. अर्थ असा, की आकाशात चंद्र-सूर्य आहेत तोवर हे दान चालू राहील. शेजारी गाय-वासरू दिसलं तर तेही दानाचंच चिन्ह. आणि शेवटी शाप. जो कुणी ही जमीन हिसकावून घेईल, तो साठ हजार वर्षं विष्ठेतला किडा होऊन जन्माला येईल! हा शाप देशभरच्या दानपत्रांत सापडतो. कोकणात शिलाहारांच्या मुलखात तर नुसत्या शब्दांवर भागलं नाही, थेट गाढवाचं चित्र कोरून शिवी घातली. त्याला गद्धेगाळ म्हणतात. पुण्यात गाडीची हवाच सोडतात, इथं साठ हजार वर्षांची शिक्षा आहे राव.

आता केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकाबाहेरची निळी पाटी आठवा. नुकसान केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड. शापाची जागा कलमानं घेतली, बाकी ढंग तोच. पण बऱ्याच ठिकाणी त्या निळ्या पाटीवर एक गोष्ट नसते. आतल्या दगडावर नेमकं लिहिलंय काय, ते.

आणि खरा मुद्दा इथंच आहे. आपल्या पाट्यांची भाषा राज्य बदलेल तशी बदलत गेली. देगलूर तालुक्यातल्या होट्टलला सिद्धेश्वराचं सुंदर चालुक्यकालीन मंदिर आहे. तिथले आणि जिल्ह्यातले त्या काळचे कितीतरी लेख कन्नडमध्ये आहेत, कारण चालुक्यांच्या दरबारी कन्नड आणि संस्कृत चालायची. पुढं उदगीरच्या किल्ल्यावर फारसी-अरबी लेख आले. निजामाच्या राज्यात १८८४ च्या सुमारास फारसी गेली आणि उर्दू कचेरीची भाषा झाली. ती १९४८ च्या पोलीस ॲक्शनपर्यंत राहिली. नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्याच्या परिसरात गुरुमुखी पाट्या आहेत, आणि नांदेडकराला त्यात काही परकं वाटत नाही. एका जिल्ह्यात एवढ्या लिप्या! पण आपल्यापैकी बहुतेकांना त्यातली एकच वाचता येते.

मग काय बिघडलं? बिघडतं. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायची वेळ आली, न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती बसली, तेव्हा निजामकाळातले कागद धुंडाळावे लागले. ते उर्दूत, मोडीत. वाचणारी माणसं शोधत फिरावं लागलं. आरक्षणावर तुमचं मत काहीही असो, धडा एकच. आजोबांची लिपी नातवाला येईना की नातवाचा हक्कही कुलूपबंद होतो.

म्हणून पाट्यांच्या वादाकडंही जरा शांतपणे बघायला हवं. २०२२ मध्ये कायद्यात बदल झाला आणि राज्यातल्या सगळ्या दुकानांना मराठी देवनागरी पाटी सक्तीची झाली. दुसऱ्या भाषेतली अक्षरं मराठीपेक्षा मोठी चालणार नाहीत. चांगलंच झालं. आणि १५ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगर परिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दू असायला हरकत नाही, असा निकाल दिला. भाषा म्हणजे धर्म नव्हे, हे कोर्टाला सांगावं लागलं. मराठवाड्याच्या माणसाला हे कोर्टानं कामून सांगावं? आपल्या मराठीतून तहसील, जिल्हा, दुकान, कायदा हे शब्द काढून बघा, काय उरतं ते. मराठी वर, ठसठशीत. खाली दुसरी भाषा असली तर मराठीचं काही जात नाही. जातं ते आपण वाचणं सोडल्यावर.

१९६८ मध्ये श्रीनिवास रित्ती आणि जी. सी. शेळके यांनी नांदेड जिल्ह्यातले शिलालेख गोळा करून पुस्तक काढलं. नांदेडच्याच यशवंत महाविद्यालयानं ते छापलं. म्हणजे वाचन झालेलं आहे, अर्थ उपलब्ध आहे. तो अजून दगडाशेजारी पोचलेला नाही. लंडनमध्ये १८६७ पासून जुन्या घरांवर गोल पाट्या लावतात, इथं कोण राहून गेलं ते सांगणाऱ्या. आपल्याला तेवढंही नको. प्रत्येक शिलालेखाशेजारी साध्या मराठीत चार ओळींची पाटी हवी. कुणी कोरला, कधी, कोणत्या भाषेत, काय लिहिलंय. एका वाढदिवसाच्या फ्लेक्सएवढा खर्च. ग्रामसभेत ठराव घेता येतो, शाळेची पोरं लिहू शकतात.

आणि तोवर एवढं करा. गावातल्या अक्षरांच्या दगडाला ऑइलपेंट लावू देऊ नका, शेंदूर थापू देऊ नका, पाराच्या बांधकामात चिणू देऊ नका. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपं ऊन पडलं की अक्षरं उठून दिसतात, तेव्हा फोटो काढा. खाली कमेंटमध्ये टाका. गावाचं आणि तालुक्याचं नाव मात्र नक्की लिहा.

ज्यांनी कोरलं त्यांनी चंद्र-सूर्य असेपर्यंतची हमी मागितली होती. आपण निदान पुढच्या पिढीपर्यंतची तरी देऊ.