भाडं चालतं, गिऱ्हाईक चालत नाही

पैसे मोजायला तयार असलेलं गिऱ्हाईक कुणी परत का पाठवेल? धंद्याच्या हिशेबात ते बसत नाही. म्हणून अस्पृश्यतेचा विषय निघाला की आपण धरून चालतो, की दार बंद केलं आणि विषय संपला. पण जुने प्रसंग नीट वाचले तर दार बऱ्याचदा अर्धवट उघडं दिसतं. मला संशोधक म्हणून हे अर्धवट दार जास्त महत्त्वाचं वाटतं.

आपल्या खान्देशातलंच उदाहरण घ्या. साल १९२९. डॉ. आंबेडकर अस्पृश्यांच्या तक्रारी तपासणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य. धुळे लाइनवरच्या एका गावातल्या बहिष्काराची चौकशी करून ते चाळीसगावला परतले. वस्ती स्टेशनापासून दोनेक मैल. टांगे भरपूर उभे, तरी तासभर कुणी हललं नाही. शेवटी एक टांगा आला. थोड्याच वेळात तो मोटारीवर आदळता आदळता वाचला. पुढे नदीवरच्या फरशीवर चाक दगडावर आपटलं, बाबासाहेब बाहेर फेकले गेले आणि घोडा टांग्यासकट नदीत पडला. त्यांचा पाय मोडला.

नंतर खरं कारण कळलं. टांगेवाल्यांना भाडं हवं होतं, पण अस्पृश्याला बसवून टांगा हाकणं कमीपणाचं वाटत होतं. मग तोडगा निघाला: टांगा आमचा, हाकणारा तुमचा. वस्तीतल्या ज्या माणसाने लगाम धरला, त्याला टांगा हाकायची सवयच नव्हती. म्हणजे पैसे घेतले, सेवा नाकारली, आणि धोका गिऱ्हाइकाच्या गळ्यात.

आता हॉटेलाकडे येऊ. १९१७ मध्ये परदेशात शिकून आलेले आंबेडकर नोकरीसाठी बडोद्याला गेले. हिंदू हॉटेलात जागा मिळणार नाही हे माहीत होतं, म्हणून पारशी धर्मशाळेत गेले. ती फक्त पारशांसाठी होती. पण तिथे दुसरं कुणी उतरलेलं नव्हतं आणि रखवालदाराला उत्पन्न हवं होतं. तोडगा काय? वहीत पारशी नाव लिहायचं. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी दारात उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडावी लागली. तडजोड करणारा रखवालदार तिथेच राहिला, बाहेर पडलं ते गिऱ्हाईक.

दोन्ही आठवणी त्यांनी स्वतःच लिहून ठेवल्या आहेत, त्याही परदेशी वाचकाला अस्पृश्यता समजावी म्हणून.

आता कायद्याची भाषा बघा. राज्यघटनेच्या १५व्या कलमात दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. तेवढ्यानेही भागलं नाही. १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्यात हॉटेलात सर्वांसाठी ठेवलेली भांडी वापरू न देणं हाही गुन्हा ठरवला. कायद्यात कपबशीपर्यंत उतरायची गरज काय, असं वाटेल. गरज होती, कारण आत घेऊन चहा वेगळ्या कपात देता येतो. तीही तडजोडच, चाळीसगावच्या टांग्यासारखी.

त्यामुळे एखाद्या गावचा इतिहास लिहिताना "तिथे सगळ्यांना प्रवेश होता" एवढ्यावर थांबू नका. कोणत्या अटीवर होता, आणि ती अट पाळण्याची किंमत कोण मोजत होतं, हेही विचारा.