एका आकृतीची किंमत

'वॉटरफॉल' आणि 'अजाईल' हे शब्द आयटीतल्या मंडळींच्या रोजच्या बोलण्यातले. पण सरकारी पैशातून सॉफ्टवेअर बनतं, तेव्हा हा वाद तुमचा-माझाही होतो. म्हणून थोडा इतिहास.

१९७० साली अमेरिकेत विन्स्टन रॉयस या इंजिनिअरने एक लेख लिहिला. त्यात एक आकृती होती. आधी गरजा लिहा, मग विश्लेषण, आराखडा, कोडिंग आणि शेवटी चाचणी. एकेक पायरी उतरत जायचं. गंमत बघा, त्याच लेखात रॉयसने बजावलं होतं की हे असंच्या असं केलं तर धोका आहे, कारण चूक कळते ती थेट शेवटी, चाचणीत. काम नवीन असेल तर आधी लहान प्रमाणावर एकदा करून बघा, ज्याच्यासाठी बनवताय त्याला मधूनमधून सामील करून घ्या, असं त्याचं म्हणणं. 'वॉटरफॉल' हे नावही त्याने दिलेलं नाही, ते नंतर चिकटलं.

लोकांनी आकृती उचलली, इशारा तिथेच सोडला. १९८५ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या मानकात साधारण हीच पायऱ्यांची पद्धत आली. कागदावर ती सोयीची ना! टप्पा झाला, सही झाली, बिल निघालं.

बरं, थोडं बनवा, दाखवा, सुधारा ही पद्धत काही नवी नव्हती. स्पेस शटलचं मुख्य उड्डाण-सॉफ्टवेअर १९७७ ते १९८० दरम्यान ३१ महिन्यांत १७ फेऱ्यांमध्ये तयार झालं. कारण गरजा मध्येच बदलणार, हे तिथे गृहीतच होतं. २००१ मध्ये युटा राज्यात १७ जणांनी अजाईलचा जाहीरनामा लिहिला, तेव्हा या जुन्या शहाणपणाला नाव मिळालं.

आता पैशाची गोष्ट. एफबीआयला तपासाच्या कागदी फायली संगणकावर आणायच्या होत्या. पहिला प्रयत्न २००५ मध्ये गुंडाळला, तोवर सुमारे १७ कोटी डॉलर खर्च झाले होते. २००६ मध्ये 'सेंटिनल' सुरू झालं. चार मोठे टप्पे, २००९ अखेर काम पूर्ण, असा करार. ऑगस्ट २०१० पर्यंत ४५.१ कोटींपैकी सुमारे ४०.५ कोटी डॉलर संपले होते आणि हातात होते फक्त दोन टप्पे. मग एफबीआयने काम स्वतःकडे घेतलं, लहान टीम केली, दर दोन आठवड्यांनी चालतं काम दाखवायचं ठरवलं. तरीही तारीख चुकलीच, पण जुलै २०१२ मध्ये यंत्रणा सुरू झाली, तीही त्याच बजेटमध्ये.

म्हणजे जुनी पद्धत टाकाऊ का? नाही. गरज पक्की ठाऊक असेल आणि नंतर बदल परवडणार नसेल, तर आधी नीट आखून घेणंच बरं. आणि अजाईलच्या नावाखाली आखणीच न करणं हाही ढिसाळपणाच. खरा मुद्दा एवढाच, की आपली चूक आपल्याला कधी कळते? दोन आठवड्यांनी की चार वर्षांनी?

पुढच्या वेळी एखाद्या सरकारी पोर्टलची किंवा ॲपची घोषणा ऐकलीत, तर किती कोटींचं हे विचाराच. पण सोबत हेही विचारा: लोकांच्या हातात पहिला चालता भाग कधी येणार, आणि तो फसला तर बदलायची सोय करारात आहे का?

हिंजवडीत किंवा इतर कुठे या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी आपला अनुभव कमेंटमध्ये जरूर लिहा.