ब्रिटिश पब

ब्रिटिश पब हे मद्यपान, भोजन, खेळ आणि गप्पागोष्टी यांसाठी सर्वांना खुले असलेले परवानाधारक पानगृह होय. ‘पब’ हा ‘पब्लिक हाउस’ (सार्वजनिक घर) या इंग्रजी शब्दसमूहाचा संक्षेप असून तो एकोणिसाव्या शतकात रूढ झाला. क्लबप्रमाणे येथे सभासदत्व लागत नाही. आपल्या वस्तीतील नेहमीच्या पबला ब्रिटनमध्ये ‘लोकल’ असे म्हणतात. मराठीत ‘पब’ या शब्दाने सहसा मोठ्या आवाजातील संगीत आणि नृत्य यांचे शहरी ठिकाण सूचित होते. मूळ ब्रिटिश पब मात्र मुख्यतः बसून बोलण्याची जागा आहे. हे ‘सार्वजनिक घर’ प्रत्यक्षात कोणाकोणाला खुले होते, हा पबच्या इतिहासातील एक महत्त्वाचा प्रश्न आहे. एकविसाव्या शतकात पबची घटती संख्या हा ब्रिटनमध्ये सार्वजनिक चर्चेचा विषय बनला आहे.

इतिहास

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये एल हे धान्यापासून बनवलेले पेय घरोघरी तयार होत असे आणि ते बनवून विकणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे होते. ताजे एल तयार झाल्याची खूण म्हणून घराबाहेर काठी किंवा झुडुपाची फांदी लावली जाई. अशा घरांना ‘एलहाउस’ म्हणत. प्रवाशांना मुक्काम देणाऱ्या सराया ‘इन’ या नावाने, तर शहरांतील वाइन देणारी ठिकाणे ‘टॅव्हर्न’ या नावाने ओळखली जात. पुढे या तिन्हींतील सीमारेषा पुसट झाल्या. हॉप्स या वनस्पतीची फुले घालून बनवलेली बिअर पंधराव्या शतकात नेदरलँड्सच्या परिसरातून इंग्लंडमध्ये रुजली. हॉप्समुळे पेय अधिक काळ टिकू लागले.

१५५२ च्या कायद्याने एलहाउस चालवण्यासाठी स्थानिक दंडाधिकाऱ्यांचा परवाना आवश्यक ठरला. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनमध्ये स्वस्त जिनचे व्यसन फोफावले. १७५१ साली विल्यम होगार्थ या चित्रकाराने जिनमुळे उद्ध्वस्त झालेली गल्ली आणि बिअर पिणारी सुखवस्तू गल्ली अशी दोन चित्रे प्रसिद्ध केली. त्याच वर्षी जिनच्या विक्रीवर निर्बंध घालणारा कायदा झाला. बिअर ही तुलनेने निरुपद्रवी, ही समजूत पुढेही टिकली. १८३० च्या बिअरहाउस कायद्याने कर भरणाऱ्या कोणत्याही गृहस्थाला दोन गिनी शुल्क भरून बिअर बनवण्याची व विकण्याची मुभा दिली आणि थोड्याच वर्षांत हजारो नवी बिअरगृहे उघडली. १८६९ साली त्यांवर पुन्हा दंडाधिकाऱ्यांचे नियंत्रण आले.

पहिल्या महायुद्धाच्या काळात युद्धसामग्रीच्या उत्पादनावर परिणाम होऊ नये म्हणून पबच्या वेळा कमी करण्यात आल्या. दुपारी पब बंद ठेवण्याचा हा तात्पुरता नियम युद्ध संपल्यावरही कायम राहिला. इंग्लंड आणि वेल्समध्ये तो आठवड्याच्या दिवसांपुरता १९८८ साली रद्द झाला. २००३ च्या परवाना कायद्याची अंमलबजावणी नोव्हेंबर २००५ मध्ये सुरू झाल्यावर वेळांबाबत अधिक लवचीकता आली.

रचना आणि नावे

व्हिक्टोरियन काळातील पबमध्ये अनेक कप्पे असत. कामगारांसाठी साध्या लाकडी बाकांचा ‘पब्लिक बार’, थोडी जास्त किंमत मोजणाऱ्यांसाठी गालिचा व गाद्यांचा ‘सलून बार’ आणि इतरांच्या नजरेआड बसता येईल अशी ‘स्नग’ ही छोटी खोली, अशी ही विभागणी होती. एकाच छताखाली वर्गभेद जपणारी ही रचना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बहुतेक ठिकाणी भिंती पाडून संपवण्यात आली. नक्षीदार काच, लाकडी काउंटर, शेकोटी आणि मागील अंगणातील ‘बिअर गार्डन’ ही वैशिष्ट्ये आजही आढळतात.

बहुसंख्य लोक निरक्षर होते त्या काळात पबची ओळख चित्रफलकावरून पटत असे. १३९३ साली दुसरा रिचर्ड या राजाच्या राजवटीत लंडनमधील एल विक्रेत्यांना असे फलक लावणे सक्तीचे झाले. ‘रेड लायन’ हे सर्वाधिक आढळणाऱ्या नावांपैकी एक आहे. १६५१ मध्ये वूस्टरच्या लढाईनंतर दुसरा चार्ल्स ओकवृक्षात लपला होता. त्या घटनेवरून ‘रॉयल ओक’ हे नाव आले.

पेये

पिंपात दुसऱ्यांदा आंबवून, बाहेरून वायू न भरता, हातपंपाने खेचून दिलेली ‘कास्क एल’ ही ब्रिटिश पबची खास ओळख आहे. ती साधारण ११ ते १३ अंश सेल्सिअस तापमानाला, म्हणजे तळघराच्या गारव्याने, दिली जाते. म्हणूनच थंडगार बिअरची सवय असलेल्या परदेशी पाहुण्याला ती कोमट वाटते. १९६० च्या दशकात कारखान्यात गाळून वायू भरलेल्या बिअरने तिची जागा घेण्यास सुरुवात केली. त्याविरुद्ध १९७१ साली ‘कॅम्पेन फॉर रिअल एल’ (कॅमरा) ही ग्राहक चळवळ उभी राहिली. बिअर पिंट (५६८ मिलिलिटर) किंवा अर्ध्या पिंटच्या मापात मिळते. याशिवाय लागर, स्टाउट, सफरचंदाची सायडर, वाइन, व्हिस्की, जिन तसेच अल्कोहोलविरहित पेयेही असतात.

‘इंडिया पेल एल’ या प्रकाराचे नाव भारताशी जोडलेले आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून लंडनच्या आणि १८२० च्या दशकापासून बर्टन-अपॉन-ट्रेंट येथील कारखान्यांतून हॉप्सचे प्रमाण जास्त असलेली फिकट बिअर मुंबई, मद्रास आणि कलकत्ता येथील युरोपीय रहिवाशांसाठी जहाजांनी येत असे.

खाद्यपदार्थ

दीर्घकाळ पबमध्ये खाण्याला दुय्यम स्थान होते. बटाट्याचे वेफर, खारे शेंगदाणे, डुकराच्या कातडीचे कुरकुरीत तुकडे आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेली अंडी एवढ्यावर भागत असे. पाव, चीज आणि लोणचे यांच्या ‘प्लाउमन्स लंच’ या थाळीचे नाव शेतकऱ्याच्या न्याहारीची आठवण करून देते. परंतु या नावाने ती लोकप्रिय झाली ती दुसऱ्या महायुद्धानंतर, चीजच्या जाहिरातींमुळे. तळलेले मासे व बटाट्याचे काप, मांसाचे पाय, कुस्करलेल्या बटाट्यासह सॉसेज आणि रविवारी दुपारी यॉर्कशायर पुडिंगसह भाजलेले मांस हे आज पबमधील नेहमीचे पदार्थ आहेत. १९९१ साली लंडनच्या क्लार्कनवेल भागातील ‘द ईगल’ या पबने दर्जेदार स्वयंपाकाला प्राधान्य दिले आणि त्यातून ‘गॅस्ट्रोपब’ हा शब्द प्रचारात आला. करी आणि चिकन टिक्का मसाला हेही आता अनेक पबच्या यादीत असतात.

खेळ

डार्ट्स हा पबमधील सर्वांत परिचित खेळ होय. फळ्याचे केंद्र जमिनीपासून १.७३ मीटर उंचीवर असते, तर खेळाडू फळ्यापासून २.३७ मीटर अंतरावरून बाण फेकतो. नेहमीच्या प्रकारात ५०१ पासून वजाबाकी करत नेमके शून्य गाठायचे असते. डॉमिनोज, क्रिबेज हा पत्त्यांचा खेळ, पूल आणि नैर्ऋत्य इंग्लंडमधील स्किटल्स हेही खेळले जातात. प्रश्नमंजूषेची साप्ताहिक स्पर्धा १९७० च्या दशकापासून लोकप्रिय झाली.

संघटित खेळांच्या उगमाशीही पबचे नाते आहे. अठराव्या शतकातील हॅम्बल्डन क्रिकेट क्लब हॅम्पशायरमधील मैदानासमोरच्या ‘बॅट अँड बॉल’ या सराईत जमत असे. २६ ऑक्टोबर १८६३ रोजी लंडनच्या ‘फ्रीमेसन्स टॅव्हर्न’मध्ये झालेल्या बैठकीत फुटबॉल असोसिएशनची स्थापना झाली.

१९९२ साली प्रीमियर लीग सुरू होऊन तिचे थेट प्रक्षेपण सशुल्क उपग्रह वाहिनीकडे गेले. त्यानंतर सामना पाहण्यासाठी पबमध्ये जमण्याची प्रथा वाढली. मात्र पबना घरगुती ग्राहकांपेक्षा बरेच अधिक व्यावसायिक शुल्क द्यावे लागते. पोर्ट्समथमधील एका पबचालिकेने ग्रीक वाहिनीचे स्वस्त कार्ड वापरून सामने दाखवल्यावर तिच्यावर खटला झाला. २०११ मध्ये युरोपीय न्यायालयाने परदेशी कार्डांवरील सरसकट बंदी युरोपीय कायद्याशी विसंगत ठरवली आणि पुढील वर्षी तिची शिक्षा रद्द झाली. सामन्याच्या चित्रफिती, चिन्हे यांवरील स्वामित्वहक्क मात्र न्यायालयाने मान्य केला. प्रत्यक्ष मैदानावरील गर्दी घटू नये म्हणून शनिवारी दुपारी तीनचे सामने ब्रिटनमध्ये थेट दाखवले जात नाहीत. त्यामुळे हिवाळ्यात भारतीय वेळेनुसार रात्री साडेआठला सुरू होणारा असा सामना मुंबईत थेट पाहता येतो, परंतु लंडनमधील पबमध्ये नाही.

रिवाज आणि नियम

- ग्राहकाने स्वतः काउंटरवर जाऊन मागणी करायची आणि तेथेच पैसे द्यायचे, अशी पद्धत आहे. पेयासाठी बक्षिशी देण्याची प्रथा नाही.
- काउंटरवर रांग दिसत नसली तरी कोण आधी आले, हे सर्वांनी लक्षात ठेवायचे असते.
- मित्रांच्या गटात प्रत्येकाने पाळीपाळीने सर्वांसाठी पेये आणण्याला ‘राउंड’ म्हणतात. आपली पाळी चुकवणे असभ्य समजले जाते.
- बंद होण्यापूर्वी घंटा वाजवून ‘लास्ट ऑर्डर्स’ची सूचना दिली जाते.
- मद्य विकत घेण्यासाठी वय १८ वर्षे पूर्ण असावे लागते. इंग्लंड व वेल्समध्ये १६ व १७ वर्षांच्या मुलांना प्रौढ व्यक्तीसोबत जेवताना बिअर, वाइन किंवा सायडर घेता येते, पण विकत घेता येत नाही.
- पबसारख्या बंदिस्त जागी धूम्रपानास स्कॉटलंडमध्ये मार्च २००६ पासून, तर इंग्लंडमध्ये १ जुलै २००७ पासून बंदी आहे.

प्रवेश आणि भेदभाव

मध्ययुगात एल बनवणाऱ्या आणि पुढेही अनेक पब चालवणाऱ्या स्त्रियांना ग्राहक म्हणून मात्र दीर्घकाळ दुय्यम वागणूक मिळाली. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरील ‘एल विनो’ या मद्यगृहात स्त्रियांना काउंटरशी उभे राहून पेय मिळत नसे. त्यांनी मागील खोलीत बसावे असा नियम होता. १९७५ च्या लिंगभेदविरोधी कायद्यानुसार हा नियम बेकायदेशीर असल्याचा निर्णय १९८२ साली अपील न्यायालयाने दिला.

वर्णभेदही उघडपणे पाळला जाई. बर्मिंगहॅमजवळील स्मेदिक येथे काही पब भारतीय व कॅरिबियन ग्राहकांना प्रवेश नाकारत किंवा वेगळ्या खोलीत बसवत. इंडियन वर्कर्स असोसिएशनने त्याविरुद्ध मोहीम चालवली. फेब्रुवारी १९६५ मध्ये अमेरिकन कृष्णवर्णीय नेते माल्कम एक्स यांनी तिच्या निमंत्रणावरून स्मेदिकला भेट दिली. त्याच वर्षी संमत झालेल्या वंशसंबंध कायद्याने पबसह सार्वजनिक ठिकाणी वर्णावरून भेदभाव करणे बेकायदेशीर ठरवले. पुढे याच परिसरातील अनेक पब पंजाबी कुटुंबांनी चालवण्यास घेतले. तंदुरी मांसाची मिश्र थाळी आणि बिअर देणारे हे ‘देसी पब’ आज सर्व समाजांतील ग्राहकांनी भरलेले असतात.

घट आणि संवर्धन

ब्रिटनमध्ये २००० साली सुमारे ६०,००० पब होते. २०२० च्या दशकात ही संख्या ४५,००० च्या आसपास आली. सुपरमार्केटमधील स्वस्त मद्य, वाढते कर व भाडे, बदललेल्या सवयी आणि जागांच्या चढ्या किमती ही त्यामागील प्रमुख कारणे मानली जातात. मालकीची पद्धतही वादग्रस्त ठरली आहे. ‘टाइड हाउस’ पद्धतीत पबचालकाला बिअर ठरावीक पुरवठादाराकडूनच घ्यावी लागते. १९८९ च्या आदेशांनी मोठ्या बिअर कारखान्यांच्या मालकीवर मर्यादा आणली, परंतु त्यांनी विकलेले पब मोठ्या मालमत्ता कंपन्यांकडे गेले आणि हे बंधन पुष्कळ ठिकाणी कायम राहिले. कोविड-१९ साथीमुळे २० मार्च २०२० रोजी देशभरातील पब बंद करण्याचा आदेश निघाला.

काही ठिकाणी गावकऱ्यांनीच पब वाचवला आहे. कंब्रियातील हेस्केट न्यूमार्केट येथील ‘ओल्ड क्राउन’ २००३ पासून सहकारी तत्त्वावर ग्रामस्थांच्या मालकीचा आहे. २०११ च्या कायद्यानुसार इंग्लंडमध्ये पबची नोंद ‘सामुदायिक मूल्याची मालमत्ता’ म्हणून करता येते. त्यामुळे तो विक्रीस निघाल्यास रहिवाशांना रक्कम जमवण्यासाठी सहा महिन्यांपर्यंत अवधी मिळू शकतो. लंडनमधील ‘कार्ल्टन टॅव्हर्न’ २०१५ साली परवानगीविना पाडण्यात आला. स्थानिक प्रशासनाने तो होता तसाच पुन्हा बांधण्याचा आदेश मालकाला दिला आणि २०२१ मध्ये तो पुन्हा उघडला.

ब्रिटनबाहेर

हातपंप, गडद लाकूड, डार्ट्सचा फळा, तळलेले मासे व बटाटे आणि पडद्यावर फुटबॉल अशा मांडणीचे ब्रिटिश धाटणीचे पब अनेक देशांत आहेत. जपानमध्ये ‘हब’ ही अशा पबची साखळी १९८० पासून चालते. भारतात १९८० च्या दशकापासून बंगळूर हे पबचे शहर म्हणून ओळखले जाऊ लागले. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार मद्यपानासाठी वैयक्तिक परवाना लागतो. ‘परमिट रूम’ हा शब्द त्यातूनच आला. पुण्यात २००९ साली स्वतःची बिअर बनवणारे ‘डूलाली’ सुरू झाले. ‘वेडसर’ या अर्थाचा हा इंग्रजी शब्द नाशिकजवळील देवळालीच्या नावावरून आला आहे. तेथील लष्करी छावणीत ब्रिटिश सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत थांबत असत.