टायर, वाळू आणि इंडियन लाँग रेंज स्क्वाड्रन

बाडमेर सोडून सांचोरच्या रस्त्याला लागलो आणि अर्ध्या तासाने गाडीत जळक्या रबराचा वास आला. बदलीचा प्रवास होता, जैसलमेरहून नगर. पिकअपच्या हौद्यात दोन लोखंडी पेट्या, पुस्तकांची खोकी, पाण्याचे कॅन आणि सौ.ने शेवटच्या क्षणी चढवलेली शिलाई मशीन. मागच्या सीटवर लेक झोपलेली. उतरून पाहिलं तर मागच्या डाव्या टायरच्या खांद्यावर गोलाकार चर पडला होता आणि चरात आतला धागा दिसत होता. आणखी वीस-पंचवीस किलोमीटर, बहुधा तेवढंच आयुष्य उरलं असावं त्याचं. आम्ही ताशी 80 ने चाललो होतो. खरं तर 86 ने, पण ते पुढे सांगतो.

चूक संपूर्ण माझी. गाडी आली तेव्हा तिला 245/70 आर 16 मापाचे टायर होते. जैसलमेरला वाळूत दोनदा अडकल्यावर मी 265/75 आर 16 बसवले. हिशेब सोपा आहे: जुना टायर उभा साधारण 749 मिलिमीटर, नवा 804. म्हणजे चाकाच्या वर 27 मिलिमीटर जागा गेली, आणि रुंदीत दोन्ही बाजूंना दहा-दहा. व्यासाच्या फरकामुळे स्पीडोमीटर सात टक्के कमी दाखवू लागला. मी मोकळ्या मैदानात स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहिलं, कुठे घासलं नाही, खूष झालो. आमच्या एम.टी.चा हवालदार, हरियाणाचा, तिथेच उभा होता. तो एवढंच म्हणाला, "साहब, खाली गाड़ी क्या घुमाते हो, लोड डालके देखो." मी हसून विषय टाळला. अधिकाऱ्यांना टाळायची सवय असते.

स्टेपनी जुन्या, लहान मापाची होती, कारण मोठा टायर चेसिसखालच्या जागेत मावतच नव्हता. एका अॅक्सलवर दोन वेगळ्या व्यासांची चाकं म्हणजे डिफरेन्शियलला सरळ रस्त्यावरही सतत वळणावर असल्यासारखं काम. ताशी 40 ने सांचोर गाठेपर्यंत मला एकाच माणसाची आठवण येत होती: राल्फ बॅग्नोल्ड.

वाचकांतल्या माजी सैनिकांना लाँग रेंज डेझर्ट ग्रुप ऐकून माहीत असेल. बॅग्नोल्ड इंग्रज सिग्नल्स अधिकारी. 1920 च्या दशकात इजिप्तमध्ये पोस्टिंग असताना सुट्टीत स्वतःच्या खर्चाने फोर्ड मोटारी घेऊन लिबियाच्या वाळवंटात जायचा. प्रथम मॉडेल टी, मग मॉडेल ए. ज्या वाळूच्या समुद्रात मोटार जाणं अशक्य समजलं जात होतं तिथे त्याने मोटारी चालवल्या, आणि त्याचं पहिलं हत्यार होतं टायरमधली हवा कमी करणं. टायर जमिनीवर जो दाब देतो तो ढोबळमानाने आतल्या हवेच्या दाबाइतकाच असतो. हवा निम्मी केली की जमिनीला टेकणारा भाग जवळजवळ दुप्पट होतो. शिवाय फसलेल्या चाकाखाली सरकवायला पन्हाळीसारख्या पोलादी पट्ट्या. पहिल्या महायुद्धातल्या खंदकांच्या छपरांसाठीच्या त्या पट्ट्या त्याला कैरोत भंगारात मिळाल्या. रेडिएटरची वाफ वाया जाऊ नये म्हणून डब्यात थंड करून परत घेण्याची सोय, आणि सूर्यावर चालणारा कंपास. 1935 मध्ये तो निवृत्त झाला आणि घरी बसून वाळूचा कण वाऱ्याने कसा उडतो याचा अभ्यास करू लागला. त्यावरचं त्याचं पुस्तक 1941 मध्ये निघालं, युद्ध ऐन भरात असताना.

1939 मध्ये त्याला परत बोलावलं गेलं, पण वाळवंटात नव्हे. ज्या जहाजातून तो निघाला होता त्याची टक्कर झाली, म्हणून पोर्ट सैदला उतरावं लागलं, आणि तो ओळखीच्या इजिप्तमध्ये अडकला. 1940 च्या उन्हाळ्यात जनरल वेव्हेलने त्याला सहा आठवडे दिले: माणसं शोध, गाड्या शोध, निघ.

आता गाड्या. आपल्याला वाटतं की असल्या कामाला खास लष्करी, चारही चाकांना जोर असलेले ट्रक हवेत. बॅग्नोल्डने घेतले शेव्हर्लेचे 30 हंड्रेडवेटचे, म्हणजे दीड टनी, साधे व्यापारी ट्रक. जोर फक्त मागच्या चाकांना. 1941 मध्ये त्यांच्या जागी कॅनडात बनलेले चार चाकी जोराचे फोर्ड आले. पण ते वजनाला जड आणि पेट्रोलला हावरट निघाले. हजार मैल आत जायचं आणि पेट्रोल स्वतःच वाहून न्यायचं, तर हा दोष जीवघेणा. 1942 मध्ये पुन्हा दोन चाकी जोराचे शेव्हर्ले घेतले गेले, कॅनडात बांधलेले.

माझ्या पिकअपशी नातं इथे सुरू होतं. त्या काळच्या दीड टनी ट्रकला साधारणपणे 20 इंची रिमवर अरुंद टायर असत, मागे जोडीजोडीने. 1942 च्या शेव्हर्लेला होते 10.50-16: साडेदहा इंच रुंद, रिम फक्त 16 इंची, मागेही एकेकच. नीट पाहा, टायर फुगला पण रिम आकसली. त्यामुळे बाहेरचा व्यास फारसा वाढला नाही आणि आतल्या हवेचं आकारमान मात्र खूप वाढलं. वाळूत उपयोग त्या हवेचा, उंचीचा नव्हे. मागचं एकेरी चाक पुढच्या चाकाने दाबलेल्या चाकोरीतूनच जातं. जोडटायर असले की बाहेरच्याला नवी वाळू स्वतः कापावी लागते आणि ट्रकची ताकद त्यातच खर्ची पडते. दारं काढली, टप काढला, पुढची मोठी काच काढली. स्प्रिंगला जादा पाटे घातले, कारण लोड ठरल्यापेक्षा नेहमी जास्तच असे. हे पाटे वजन पेलायला होतेच, पण लोड असताना चाक वर येऊन बॉडीला लागू नये यासाठीही त्यांचाच आधार. मी नेमकं उलट केलं होतं: टायर वाढवला, रिम तीच, पाटे तेच, आणि वर शिलाई मशीन.

या कथेत आपली माणसंही आहेत, म्हणून तर हा लेख. तिसरी इंडियन मोटर ब्रिगेड 1941 मध्ये उत्तर आफ्रिकेत होती. तिच्या तीन रेजिमेंट: 2 री लान्सर्स, 11 वी कॅव्हलरी, 18 वी कॅव्हलरी. नावं घोडदळाची, प्रत्यक्षात ट्रकवर बसलेले, रणगाडे नाहीत. 8 एप्रिल 1941 ला मेचिलीला पहिल्या दोन रेजिमेंटना रोमेलच्या फौजांनी गाठलं. पुष्कळजण कैद झाले, काही तुकड्या वेढा फोडून निघाल्या. 18 वी कॅव्हलरी तोब्रुकच्या वेढ्यात लढली. याच तीन रेजिमेंटच्या स्वयंसेवकांतून 1941 च्या अखेरीस सीरियात इंडियन लाँग रेंज स्क्वाड्रन उभं राहिलं. जाट, शीख, राजपूत आणि पंजाबी मुसलमान अशा गस्ती तुकड्या झाल्या, आणि 1942 मध्ये हे स्क्वाड्रन लाँग रेंज डेझर्ट ग्रुपबरोबर लिबियाच्या वाळवंटात काम करू लागलं.

ज्यांच्या घरी बहुधा बैलगाडी हेच वाहन होतं असे हे सवार. त्यांनी चाकोरी, हवा, पाटे, पन्हाळी हे सगळं शिकायचं, सूर्याकडे पाहून दिशा काढायची, आणि शेकडो मैलांवर मदत नाही हे ठाऊक असताना निघायचं. खडकवासल्याला आम्ही उत्तर आफ्रिकेची मोहीम शिकलो ती नकाशावरच्या बाणांनी. बाणांना टायर नसतात. लाँग रेंज डेझर्ट ग्रुपवर मी जी इंग्रजी पुस्तकं वाचली त्यांत न्यूझीलंडरांना प्रकरणं आहेत, आपल्या स्क्वाड्रनला फार तर परिच्छेद. 1947 मध्ये 2 री लान्सर्स आणि 18 वी कॅव्हलरी भारताकडे राहिल्या, 11 वी पाकिस्तानात गेली. एका वाळूत शिकलेली माणसं दोन सैन्यांत वाटली गेली, आणि त्यांच्या मधली सरहद्द ज्या थरमधून जाते तिथेच मी टायर बदलले होते.

नगरला पोहोचल्यावर पहिला फोन हवालदाराला केला. तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण. त्याच्या सांगण्याप्रमाणे तपासणी केली: हौद्यात पूर्ण वजन टाकलं, टायरच्या खांद्यांना ओला चुना फासला, एक मागचं चाक फळ्यांच्या उतारावर चढवून तिरकं दाबलं, मग पुढचं तसंच चढवून स्टिअरिंग टोकापासून टोकापर्यंत फिरवलं. चुना तीन ठिकाणी लागला: मागच्या मडगार्डच्या आतल्या कडेला, पुढच्या बंपरच्या कोपऱ्यात, आणि पुढच्या चाकामागे जिथे बॉडी चेसिसला बोल्टने बसते तिथे. दुकानदार म्हणत होता, कमी ऑफसेटची रिम घ्या, चाक बाहेर येईल. येईल, पण मग वळताना ते मोठ्या वर्तुळात फिरतं आणि बंपरला आणखीच भिडतं. कुणी म्हणालं, कडा ग्राइंडरने कापा. वाहन कायद्याचं कलम 52 आणि विम्याचा कागद आठवून तेही नको म्हटलं.

शेवटी 245/75 आर 16 घेतले. उभे 774, म्हणजे वर फक्त 12 मिलिमीटर जास्त, रुंदी मूळचीच. लोड टाकून चुना पुन्हा फासला, कुठेच लागला नाही. स्टेपनीही त्याच मापाची घेतली, ती खाली मावली. वाळू आली की हवा कमी करतो, आणि डांबरी रस्त्यावर यायच्या आधी भरायला पंप सोबत ठेवतो. हवालदाराला मी त्या जाट तुकडीबद्दल सांगितलं. त्याने विचारलं, "साहब, उनके नाम कहीं लिखे हैं क्या?" रेजिमेंटांकडे पत्रं पाठवली आहेत. वाचकांपैकी कुणाच्या घरी 2 री लान्सर्स किंवा 18 व्या कॅव्हलरीचे जुने कागद, फोटो असतील तर जरूर कळवा.